बाळंतपणात कळ आली की श्वास सोडण्याकडे लक्ष द्या
जोराची कळ साधारण मिनिटभर टिकते, म्हणजे जेमतेम 6 श्वास. नाकाने 4 आकडे मोजत श्वास घ्या, तोंडाने 6 आकडे मोजत सोडा, गरम चहावर फुंकर घालावी तसा. जबडा आणि खांदे सैल हवेत. दात आवळले की सगळं अंग ताठरतं, आणि बहुतेकींचं इथेच चुकतं. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं, तर श्वास फार भरभर चाललाय, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलाय. अशा वेळी सोबतच्या माणसाने हळू आवाजात आकडे मोजावेत. ऐन कळांत हे नव्याने शिकता येत नाही, म्हणून आठव्या महिन्यापासून रोज 10 मिनिटं डाव्या कुशीवर पडून सराव करा. बाळाचं डोकं बाहेर येताना डॉक्टरांनी जोर थांबवायला सांगितला, तर छोटे, हलके श्वास घ्या.