वेबकॅमसमोर चिमूट धरून आभासी जगात कसं फिरावं

हाताची खूण ओळखणं हे आता फार अवघड काम राहिलेलं नाही. गूगलचं मीडियापाइप हे तयार सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमच्या चित्रातून हातावरचे 21 बिंदू शोधून देतं, तेही वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय. खरी कसोटी वेगळीच आहे: हात कधी आज्ञा देत नाहीये, हे ओळखणं. डोकं खाजवायला हात उचलला आणि पडद्यावरची स्वारी भिंतीवर आपटली, तर उपयोग काय? म्हणून इथे एकच खूण घेऊ. चिमूट धरली की चालायचं, सोडली की थांबायचं.

1. आधी उजेड. खिडकी पाठीमागे नको, हात नुसता काळा दिसतो. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) जास्त वेळ उघडी ठेवतो; मग फ्रेम कमी पडतात आणि हलता हात पुसट होतो. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 60 ऐवजी 50 हर्ट्झ निवडा, कारण भारतातली वीज 50 हर्ट्झची आहे. बसायचं कॅमेऱ्यापासून साधारण 50-60 सेंटिमीटरवर, कोपर टेबलावर टेकवून. अधांतरी धरलेला हात लवकर भरून येतो.

2. चित्र घ्या. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ओपनसीव्ही (कॅमेऱ्यातून चित्र घेणारं सॉफ्टवेअर) आणि मीडियापाइप बसवा. 640×480 एवढं चित्र पुरे. ते आरशासारखं उलटवून घ्या, नाहीतर डावं-उजवं गोंधळतं. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं आणि मीडियापाइपला ते लाल-हिरवा-निळा असे लागतात. क्रम बदलायचा राहिला तर एरर येत नाही, फक्त ओळख कच्ची होते.

3. चिमूट मोजा. बिंदू 4 म्हणजे अंगठ्याचं टोक, 8 म्हणजे तर्जनीचं. दोघांतलं अंतर काढण्याआधी आडव्या अंकाला 640 ने आणि उभ्याला 480 ने गुणा, कारण मीडियापाइप दोन्ही 0 ते 1 मध्ये देतं. मग त्या अंतराला तळहाताच्या लांबीने भागा: मनगट (0) ते मधल्या बोटाचं मूळ (9). असं केलं की हात जवळ असो वा लांब, उंबरठा, म्हणजे चिमूट लागली की सुटली हे ठरवणारा आकडा, बदलावा लागत नाही.

गुणोत्तर 0.25 च्या खाली गेलं की चिमूट लागली. सुटली मात्र 0.4 च्या वर गेल्यावरच. एकच आकडा ठेवलात तर सीमारेषेवर चिमूट सेकंदाला दहादा लागते-सुटते. शिवाय सलग 3 फ्रेम तसं दिसलं तरच ती लागली असं धरा.

मुठीत अंगठा तर्जनीवर येतो, म्हणून मूठही चिमूट वाटते. उरलेली तीन बोटं सरळ आहेत का ते तपासा: बोटाचं टोक मधल्या सांध्यापेक्षा मनगटापासून लांब हवं (12 आणि 10, 16 आणि 14, 20 आणि 18). टोक सांध्याच्या वर आहे का, एवढंच पाहणारे कोड बरेच सापडतात. हात तिरका झाला की ते फसतात.

4. चालवा. चिमूट लागली त्या क्षणी बिंदू 9 कुठे होता ते लक्षात ठेवा. तर्जनीचं टोक नको, चिमूट धरताना ते स्वतःच हलतं. त्या जागेपासून हात वर गेला की पुढे, खाली आला की मागे, बाजूला गेला की वळण. चित्रात उभा अंक खाली वाढत जातो, तेव्हा चिन्ह उलटं करा. हात पुढे ढकलून चालण्याची कल्पना मोहक आहे, पण हात कॅमेऱ्यापासून किती जवळ-लांब आहे हे सांगणारा मीडियापाइपचा अंक फार डळमळतो.

तळहाताच्या 0.2 पट हालचालीपर्यंत वेग शून्य. त्यापुढे 0.2 वजा करून उरलेल्याचा वर्ग घ्या. हळू चालणं हातात राहतं. कमाल वेग सेकंदाला 1.4 मीटर, म्हणजे माणसाची साधी चाल, ठेवा आणि दोन फ्रेममधल्या वेळेने गुणा. थरथर घालवायला नव्या मापाचे 30 टक्के आणि जुन्याचे 70 टक्के मिसळा. जुन्याचा वाटा आणखी वाढवला तर चालणं मऊ होतं, पण हाताच्या मागे राहतं. हेच डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये वापरणार असाल तर वळण सलग नको, 30 अंशांच्या टप्प्यांनी द्या. मळमळ कमी होते.

5. थांबणं. हात चौकटीबाहेर गेला की वेग तत्काळ शून्य. शेवटचा वेग धरून ठेवायचा नाही. युनिटीला (आभासी जग बनवायचं सॉफ्टवेअर) यूडीपीवरून (नेटवर्कवरून माहिती पाठवायची एक पद्धत) आकडे पाठवत असाल तर ही तपासणी तिथेही हवी: 200 मिलिसेकंदांत नवा आकडा आला नाही, तर उभं राहायचं.