नातेवाइकासोबत पानगळीतली दोन दिवसांची शहरसहल : या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी निघावे, शनिवार-रविवार एखाद्या शहरात निवांत घालवावे आणि रविवारी रात्री परतावे, एवढाच बेत असतो. सोबतीला मावशी, सासरे किंवा चुलतभाऊ असे घरचेच माणूस असते. त्यामुळे या सहलीला वेगळ्या तयारीची गरज नाही असे वाटते, आणि बहुतेक चुकांचे मूळ याच समजुतीत सापडते. मित्रासोबत जाताना आपण वेळ, खर्च, आवडीनिवडी आधी विचारून घेतो. नातेवाइकाच्या बाबतीत मात्र आपल्याला सारे ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

जुन्या ओळखीवर बेत आखणे

ज्या मावशीबरोबर दहा वर्षांपूर्वी आपण दिवसभर पायी भटकलो, तिला आज तेवढे चालवेलच असे नाही. याच्या उलटही घडते. एका सहलीत मावशीचे गुडघे दुखतील या काळजीने मी प्रत्येक ठिकाणासाठी टॅक्सी ठरवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शांतपणे विचारले, ‘‘आपण या गावात पायी कधी फिरणार आहोत?’’ तेव्हा एका दमात किती चालणे जमते, जिने चढवतात का, दुपारी थोडे आडवे व्हायला लागते का, हे निघण्यापूर्वी सरळ विचारावे.

अशा प्रश्नांना ‘मला काहीही चालेल’ असे उत्तर हमखास मिळते. ते भिडेपोटी दिलेले असते, त्यातून माहिती काहीच मिळत नाही. म्हणून ‘काय पाहायचे?’ असे मोघम न विचारता ‘सकाळी बाग आणि दुपारी संग्रहालय, की उलट?’ असे दोन नेमके पर्याय समोर ठेवावेत; निवड करणे भिडस्त माणसालाही सोपे जाते. एका दिवसासाठी एकच ठरलेले ठिकाण पुरे, हे माझे मत अनेकांना आळशीपणाचे वाटते, पण दुसरे ठिकाण वाटेत आपोआप सापडते आणि ते न सापडल्यास कोणाचा विरसही होत नाही.

नकाशावरील अंदाजावर विसंबणे हीदेखील याच चुकीची एक शाखा आहे. मोबाइलवरील नकाशे पायी जाण्याचा वेळ साधारणपणे ताशी 5 किलोमीटरच्या आसपासचा वेग धरून सांगतात. गप्पा मारत, दुकानांच्या काचांपाशी थांबत चालणाऱ्या दोघांचा वेग सहज ताशी 3 किलोमीटरवर येतो, म्हणजे 20 मिनिटांची वाट अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेते. संग्रहालयातले रेंगाळत उभे राहणे तर सलग चालण्यापेक्षा अधिक थकवते. तेथून बाहेर पडल्यावर लगेच पायी फिरण्याचा कार्यक्रम ठेवू नये.

उजेडाचा आणि पानांचा हिशेब चुकणे

उत्तर गोलार्धात 22 किंवा 23 सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास दिवसाची लांबी सर्वांत वेगाने घटत असते. 50 अंश उत्तर अक्षांशाजवळच्या शहरात ही घट दररोज साधारण साडेतीन मिनिटांची, म्हणजे चार आठवड्यांत दीड तासाहून अधिक भरते. त्यामुळे सप्टेंबरच्या सहलीच्या आठवणीवर ऑक्टोबर अखेरचा बेत आखणारा माणूस नदीकाठी पोहोचतो तेव्हा अंधार पडलेला असतो. त्यातच युरोपीय संघातील देशांत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात. मोबाइलमधली वेळ आपोआप बदलते, पण नातेवाइकाच्या मनगटावरचे घड्याळ बदलत नाही, आणि मग सकाळी न्याहारीच्या वेळेवरून विनाकारण गोंधळ उडतो. मोकळ्या आकाशाखालचे सारे कार्यक्रम दुपारी चारच्या आत संपवावेत, हा उपाय पुरेसा आहे.

पानांच्या रंगावर सगळी सहल टांगून ठेवणे तितकेच धोक्याचे असते. रात्री लांबत आणि गार होत गेल्या की पानांतले हरितद्रव्य विघटित होते आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल छटा मात्र बऱ्याच झाडांत त्याच काळात नव्याने तयार होते, आणि लख्ख उन्हाचे दिवस व गार पण हिम न पडणाऱ्या रात्री मिळाल्या तरच ती खुलते. हे दरवर्षी त्याच तारखेला जुळून येत नाही. शिवाय दाट वस्तीचा भाग उबदार राहत असल्यामुळे तिथली झाडे आसपासच्या डोंगरांवरील झाडांपेक्षा उशिरा रंग बदलतात, म्हणून डोंगरातली छायाचित्रे पाहून शहराची तारीख ठरवू नये. गळून पडलेली ओली पाने दगडी फरशीवर विलक्षण निसरडी होतात, तेव्हा बुटांचा तळवा पाहूनच निघावे. कपड्यांबाबत एवढेच सांगतो, की एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे.

रविवार आणि सोमवार न तपासणे

शरद हा मॅरेथॉनचा हंगाम असतो : बर्लिनची शर्यत सप्टेंबरच्या अखेरीस, शिकागोची ऑक्टोबरमध्ये, न्यू यॉर्कची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. अशा रविवारी मुख्य रस्ते बंद असतात आणि हॉटेले आधीच भरलेली असतात. सुट्टी सोमवारपर्यंत वाढवल्यास त्या दिवशी कित्येक संग्रहालये बंद आढळतात. पॅरिसचे लूव्र मात्र मंगळवारी बंद असते.

खोली आणि पैसा

‘डबल’ म्हणून आरक्षित केलेल्या खोलीत बहुतेक वेळा एकच मोठा पलंग असतो. दोन स्वतंत्र पलंग हवे असतील तर ‘ट्विन’ मागावी लागते. घोरण्याचा प्रश्न असेल तर दोन खोल्यांचा जादा खर्च दोन जागरणांपेक्षा स्वस्त पडतो. पैशांबाबत दर बिलापाशी ‘मी देतो, मी देते’ अशी ओढाताण करण्यापेक्षा प्रवास व खोली एकाने आणि खाणे व तिकिटे दुसऱ्याने पाहावीत, असे घरूनच ठरवावे. वडीलधाऱ्यांना काहीच देऊ न देणे हा आदर नसून त्यांना पाहुणे करून टाकणे आहे.

बेत बिघडलाच तर

पाऊस लागला तर ठिकाणे बदलत धावण्याऐवजी एकाच छताखाली दुपार काढावी. सोबतचा माणूस गप्प झाला, तर रुसवा समजून कारण उकरण्याआधी भूक, थंडी आणि पाय यांची चौकशी करावी. निम्म्याहून अधिक अबोले तिथेच सुटतात. तरीही ताण जाणवत असेल, तर दोन तास वेगवेगळे फिरून ठरलेल्या जागी भेटण्यात कमीपणा नाही. घरातला जुना वाद, वाटणी, कोणाचे तरी लग्न, असले विषय निघाले की ते परतल्यावर बोलू असे म्हणून थांबवावेत, कारण अनोळखी शहरात उठून आपल्या खोलीत निघून जाण्याची सोय नसते. रविवारी निघण्यापूर्वीचे दोन-तीन तास तर मुद्दाम रिकामे ठेवावेत. सामान हॉटेलात ठेवायला सांगितले, की आदल्या दिवशी वाटेत दिसलेल्या आणि राहून गेलेल्या बाकावर जाऊन बसता येते.