गरम पाणी येत नसेल तर आधी काय बघायचं

परक्या देशातल्या पहिल्या थंडीत अंगावर एकदम गार पाणी आलं की माणूस हबकतो. तरी घरमालकाला लगेच फोन करू नका. आधी घरातले सगळे नळ एकेक करून सोडून बघा. "गरम पाणी येत नाही" एवढंच सांगितलंत तर प्लंबरला काही कळत नाही. "गार पाणी जोरात येतं, गरम मात्र सगळ्याच नळांना बारीक येतं" असं सांगितलंत, की नेमकं कुठे बघायचं हे त्याला तिथेच समजतं.

एकाच नळाची धार बारीक असेल तर बहुधा त्या नळाच्या तोंडाची जाळी तुंबलेली असते. रबरी हातमोजा घालून फिरवली की ती बहुतेक वेळा हातानेच सुटते. तळहातावर उलटी ठोकली की रेतीसारखे पांढरे कण पडतात; ते पाण्यातले क्षार. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या ब्रशने घासा आणि परत बसवा. शॉवरलाही हेच करायचं.

गरम पाणीच सगळीकडे बारीक येत असेल तर अडथळा हीटरपाशी आहे. तिथला कॉक अर्धवट बंद असतो किंवा आत क्षार साचलेले असतात. गार आणि गरम दोन्ही बारीक असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडे ठीक असेल तर तुमचा मुख्य कॉक पूर्ण उघडा आहे का बघा.

पाणी तापवणारा आणि घर गरम ठेवणारा बॉयलर एकच असेल, तर त्याच्यावरचा दाबाचा काटा ओळखून ठेवा. यंत्र थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर हवा. खूप खाली गेला की बॉयलर पेटतच नाही. पाणी भरायचा छोटा कॉक हळू उघडायचा, काटा जागेवर आला की घट्ट बंद करायचा. पहिल्या वर्षी माझ्याकडून तो किंचित उघडा राहिला. काटा 3 च्या पुढे गेला आणि रात्रभर बाहेरच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. सुरक्षेचा व्हॉल्व्ह उघडला होता. म्हणून कळकळीने सांगतो, कॉक बंद केल्यावर दहा मिनिटांनी काटा पुन्हा बघा. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. तेव्हा घरमालकाला सांगाच. कडाक्याच्या थंडीत बॉयलर बंद पडला तर त्याच्यातून बाहेर जाणारी सांडपाण्याची प्लास्टिकची नळी गोठली आहे का तेही बघा. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको.

थंडीत पाणी कोमट येतं म्हणजे यंत्र बिघडलंच असं नाही. मिनिटाला 10 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे 21 किलोवॅट लागतात. थंडीत येणारं पाणीच जास्त गार असतं, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत ते कमी तापतं. नळ थोडा कमी सोडा, पाणी गरम येईल.

टाकीचा हीटर असेल तर वीज वाचवायला तापमान फार उतरवू नका. कोमट पाण्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेलाचे जंतू वाढतात, म्हणून टाकीत 60 अंश ठेवतात. पण तेवढं गरम पाणी काही सेकंदांत भाजतं. घरात लहान मूल असेल तर नळापाशी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह आहे का, हे घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा.

गॅसचा वास आला तर मात्र यातलं काहीच करू नका. दिव्याचं बटणही दाबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा. बॉयलर चालू असताना घरात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तरीही तसंच बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म घरात नसेल तर याच आठवड्यात लावून घ्या.

आणि मुख्य कॉक आजच शोधा. बऱ्याचदा तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो. एकदा बंद करून उघडून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम होतो. तसा झाला असेल तर जोर लावू नका, मोडेल. पाइप फुटायच्या आधी घरमालकाकडून तो बदलून घ्या.