अंदमानला जाताय? आधी बोट ठरवा, मग हॉटेल

गोव्यातून अंदमानला जाणारे लोक सहल गोव्यासारखीच आखतात आणि तिथेच फसतात. इथे कळंगुटला गर्दी वाटली तर स्कूटर काढून मोरजी गाठता येते. तिथे एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये समुद्र असतो, आणि बोट निघाली नाही तर तुम्ही आहात तिथेच. फोंड्याहून मी पाच वेळा जाऊन आले. दर वेळी कुणी ना कुणी विचारतं, "हॉटेल कुठलं घेऊ?" तो प्रश्न सगळ्यात शेवटचा.

जानेवारी ते एप्रिलमध्ये जा. आपल्याकडे दिवाळीनंतर आभाळ मोकळं होतं म्हणून तिथेही होईल असं धरू नका. बंगालच्या उपसागरात नोव्हेंबर-डिसेंबरातही वादळं होतात. विमान चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्याहून बदलावं लागतं. नावं बदलली आहेत तेवढी लक्षात ठेवा: हॅवलॉक आणि नील ही बेटं 2018 पासून स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप झाली, विमान जिथे उतरतं ते पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम. बोलण्यात मात्र जुनीच नावं चालतात, म्हणून मीही तीच लिहिते.

आता खरी मेख, बेटांचा क्रम. बहुतेक एजंट पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला देतात, मग हॅवलॉक, मग नील, आणि शेवटच्या दुपारी बोटीने परत आणून दुसऱ्या पहाटे विमानात बसवतात. कागदावर हे छान दिसतं. दुसऱ्या खेपेला आईला घेऊन मी याच आखणीने गेले होते. नीलच्या जेट्टीवर सकाळपासून वारा वाढत होता. बांधलेली होडी एकदा धक्क्याच्या वर यायची, एकदा पार खाली जायची. दोन वाजता सांगितलं, आज बोट नाही. आई बॅगेवर बसली, पर्समधून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि मोजल्या. दोन उरल्या होत्या. आम्ही बरोबर दिवस मोजून आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही बोट सुटली नाही. विमान गेलं, चेन्नईहून पुढचं वेगळं काढलेलं तिकीटही गेलं. एजंट म्हणाला, "निसर्गापुढे आपण काय करणार?" वारा त्याच्या हातात नव्हता हे खरं, पण क्रम त्यानेच लावला होता.

म्हणून माझा क्रम उलटा आहे, आणि तो मी कुणासाठीही बदलत नाही. उतरल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला फक्त झोपा. दुसऱ्या सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री. मग नील, दोन रात्री. परत येऊन शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला. सेल्युलर जेल, रॉस बेट हे सगळं या शेवटच्या दिवसांत बघायचं. बोट एक दिवस अडली तर फिरण्यातला एक दिवस जाईल, विमान जाणार नाही. "रोज काहीतरी बघायला हवं" म्हणून हे मोकळे दिवस कापू नका. औषधं चार दिवसांची जास्त घ्या.

क्रम ठरला की आधी विमान, लगेच बोटी आणि त्यानंतर हॉटेल. सवलत दिसली म्हणून हॉटेल आधी घेतलं आणि त्या दिवशीच्या बोटीत जागाच नाही, असं झालेले लोक मी जेट्टीवर पाहिलेत. सरकारी बोट स्वस्त असते, पण ती मुळात बेटांवरच्या रहिवाशांची सोय आहे; कुटुंब घेऊन तिच्या भरवशावर जाऊ नका. बोट शक्यतो सकाळची घ्या. ती रद्द झालीच तर दुसरी शोधायला हातात दिवस उरतो.

बोट लागत असेल तर मागच्या बाजूला बसा. रोख पैसे जवळ ठेवा.

किनाऱ्यांचा आनंद घ्यायचा तर भरती-ओहोटी विचारून घ्या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. तो ठोकताळा आपल्या किनाऱ्याचा, तिथे लावू नका. नीलच्या लक्ष्मणपूरला खडकाची जी नैसर्गिक कमान आहे, तिच्याकडे ओहोटीतच जाता येतं. भरतीत गेलात तर लांबूनच परत फिराल. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालच्या पाहुण्यांना विचारून आज जाऊ नका. हॉटेलवाल्याला त्या दिवसाची वेळ विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीत पाणी जास्त मागे हटतं आणि खडकांतल्या डबक्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या अगदी पायाशी दिसतात. जुने, तळ घट्ट असलेले बूट घाला. प्रवाळावर पाय ठेवू नका, तो दगड नाही, जिवंत आहे. त्याचा तुटका तुकडाही उचलायचा नाही, कायद्याने बंदी आहे.

सूर्य तिथे लवकर मावळतो. आपल्या सवयीने सहाला हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोचलात तर अंधारच दिसेल. चारला पोचा.