सोलापूरच्या द्राक्षबागेत खत मोजून कसे द्यावे

उत्तर सोलापूर, बार्शी, पंढरपूर या पट्ट्यातल्या अनेक बागा चुनखडीच्या जमिनीत आणि विहीर-बोअरच्या पाण्यावर उभ्या आहेत. इथे शेजाऱ्याचे खताचे वेळापत्रक उतरवून घेतले की हमखास फसते. तुमच्या पाण्यात आधीच किती नत्र (नायट्रोजन) आहे, ते त्या कागदावर नसते.

म्हणून सुरुवात पाण्यापासून. तपासणीत क्षारता, बायकार्बोनेट आणि नायट्रेट, तिन्ही मागा. लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट (पिण्याच्या पाण्याची मर्यादाही हीच) म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. एकरी १० लाख लिटर पाणी गेले की १० किलो नत्र, म्हणजे जवळजवळ २२ किलो युरिया, बागेत आपसूक पडतो. तो वजा न करता पूर्ण मात्रा दिली तर वेल माजतो. शेंडे पळतात, काडीवर सावली पडते, घडनिर्मिती घटते आणि डाऊनी (पानांवरचा बुरशीजन्य रोग) हटत नाही.

मातीचा नमुना ठिबकच्या ड्रिपरखालच्या ओल्या पट्ट्यातून घ्या, १ फूट आणि २ फूट खोलीचा वेगवेगळा. खत सोडल्यावर लगेच घेऊ नका. खालच्या थरात नायट्रेट जास्त निघाले तर दोष पाण्याचा आहे, ते गरजेपेक्षा जास्त जाते आहे. देठ परीक्षण (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी) दोनदा करा: खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, काडी तयार करण्यासाठीची) साधारण ४५व्या दिवशी आणि फळ छाटणीनंतर (घड येण्यासाठीची) पूर्ण फुलोऱ्यात. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घ्यायचा आणि पाते तिथेच काढून टाकायचे.

आता ठिबक. तासाला ४ लिटरच्या ड्रिपरखाली १५ मिनिटांत १ लिटर जमायला हवे. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला मोजा. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर आधी लॅटरल (ओळीतली ड्रिपरची नळी) धुवा, कारण पाणी असमान तर खतही असमान.

कॅल्शियम नायट्रेट कधीही १२:६१:० किंवा ०:५२:३४ या स्फुरदाच्या खतांबरोबर (आकडे नत्र:स्फुरद:पालाशचे) एका टाकीत घालू नका. साका बसून ड्रिपर चोंदतात. सल्फेटयुक्त ०:०:५० देखील कॅल्शियम नायट्रेटपासून लांबच ठेवा. शंका असेल तर बरणीत आपल्याच पाण्यात कालवून दोन तास ठेवा. गढूळ झाले की वेगळ्या दिवशी सोडायचे.

दोन तासांचे पाणी असेल तर पहिला तास नुसते पाणी, मग ४० मिनिटे खत, शेवटची २० मिनिटे नळ्या धुण्यापुरती. खत आधी सोडून वर तासभर पाणी दिले तर नायट्रेट मुळांखाली उतरते. मातीचे कण त्याला धरत नाहीत, ते खाली विहिरीपर्यंत जाते. शिवाय जमीन फार काळ चिंब राहिली की काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. हा वायू तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट हातभार लावतो.

एक नेहमीची गल्लत: कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, हा नत्राचा नव्हे, लोहाचा अभाव. चुनखडीत फेरस सल्फेट जमिनीत अडकून पडते; इडीडीएचए चिलेट (चुनखडीतही विरघळलेले राहणारे लोहाचे खत) लागते. तिथे युरिया ओतून पान हिरवे होत नाही.