फोटोग्राफीचं पुस्तक अर्धवट राहतंय? ऑनलाइन वाचनगटात वाचा

फोटोग्राफीचं पुस्तक एकट्यानं वाचलं की तिसऱ्या प्रकरणाशी अडतं आणि कॅमेरा कपाटातच राहतो. ऑनलाइन वाचनगटात सामील व्हा. पाच-सहा जण पुरतात.

१. आठवड्याला एकच प्रकरण.

२. रविवारपर्यंत प्रत्येकानं त्यावरचे फोटो टाकायचे. अ‍ॅपर्चरचं (लेन्समधल्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचं) प्रकरण असेल तर तुळशीवृंदावन एकाच जागेवरून एफ/४, एफ/८, एफ/१६ वर (आकडा मोठा, तसं छिद्र लहान) टिपा. मागची भिंत कशी स्पष्ट होत जाते ते बघा. मला ते वाचून नाही, असं करूनच कळलं.

३. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे शटर (ते किती वेळ उघडं होतं) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) यांचे आकडे फाइलमध्ये टिकतात.

मात्र फोनवर लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणाही सोबत जातो. तो आधी काढून टाका.