वाचनाच्या यादीत पहिल्यांदाच नाव आलंय?

वसईत मराठी मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला, मी बरीच वर्षं बायबलचं वाचन करतोय. यादीत नाव दिसलं की नवी मुलं आधी अवघड नावांच्या मागे लागतात. नबुखद्नेस्सर कसं म्हणायचं? ते सरावाने जमतं. त्याआधी त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, वाचा. मिस्सेत ते फादर वाचतात, तरी तुमची तयारी तिथूनच सुरू होते.

कारण ही वाचनं कुणी आयत्या वेळी निवडत नाही. १९६९ पासून तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे. शुभवर्तमानं चार. अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. चौथा योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत येतो, आणि मार्क छोटा असल्याने ब वर्षीही काही रविवार योहानला मिळतात. सनाला ३ ने पूर्ण भाग गेला की ते क वर्ष. म्हणजे २०२५ क, २०२६ अ. मात्र वर्ष बदलतं ते आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी, जानेवारीत नाही.

बहुतेक रविवारी बायबलच्या जुन्या करारातलं पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळवलेलं असतं. अ वर्षातला आगमनकाळाचा तिसरा रविवार घ्या. तुरुंगातून बाप्तिस्मा करणारा योहान शिष्यांकरवी येशूला विचारतो, येणारा तो तूच का? उत्तर मिळतं, आंधळे पाहतात, पांगळे चालतात. आणि पहिलं वाचन आहे यशया ३५. आंधळ्यांचे डोळे उघडतील, लंगडा हरणासारखा उड्या मारील! हे माहीत असलं की त्या ओळीपाशी वाचणारा घाई करत नाही, आणि ती लोकांच्या कानात शुभवर्तमानापर्यंत टिकते. एवढ्यासाठी घरी घातलेला अर्धा तास मला कधीच जास्त वाटला नाही.

सामान्य काळात, म्हणजे सणांचे काळ सोडून उरलेल्या रविवारी, दुसरं वाचन मात्र आपल्या वाटेने जातं. पौलाचं एखादं पत्र रविवारमागून रविवार पुढे सरकतं. तिथे मागच्या रविवारचा भाग बघून घ्या, शुभवर्तमानाशी ओढूनताणून जोडू नका.

सराव वाचनग्रंथावरूनच, म्हणजे चर्चमधल्या मिस्सेच्या वाचनांच्या पुस्तकावरूनच करा. यशयाच्या त्याच वाचनात ६ व्या वचनाच्या पूर्वार्धानंतर एकदम १० वं वचन येतं. घरच्या बायबलमधून तयारी केली तर नेमके तिथे अडखळाल. शेवटी क्षणभर थांबून मगच ‘प्रभूचा शब्द’ म्हणा.

पास्काच्या जागरणाला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्सेला, संधी मिळाली तर निर्गम या पुस्तकातलं वाचन मागून घ्या. जुन्या करारातल्या सात वाचनांपैकी काही कमी करता येतात, पण समुद्र ओलांडण्याचं हे वाचन गाळता येत नाही. ते लांब आहे, तयारी ईस्टरआधीच्या उपवासकाळातच सुरू करा.